समुद्राचा सामू

नाशिकमध्ये बसून समुद्राचं पाणी तपासणाऱ्या बाईला लोक काय काय विचारतात, ते मी लिहून ठेवलं असतं तर एव्हाना दोन वह्या भरल्या असत्या. दारात गोदावरी असताना एवढ्या लांबचं पाणी कशाला, हा पहिला प्रश्न. मुंबईत कोणी नाही का, हा दुसरा. माझ्या सख्ख्या दिराने तर भर पंगतीत विचारलं होतं की मग, निघालं का खारट? सगळे हसले. मीही हसले, कारण पंगतीत भांडण बरं दिसत नाही.

खरं उत्तर अगदी नीरस आहे. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, फार बारीक मोजणारं एक यंत्र आमच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात आहे. ते कधीकाळी कुठल्याशा प्रकल्पातून आलं, प्रकल्प संपला, यंत्र राहिलं. ते चालवायचा कंटाळा न येणारी एकमेव व्यक्ती, म्हणजे मी, तीही इथेच राहते. किनाऱ्यावर या दोन्हींपैकी काही नाही. म्हणून समुद्र नाशिकला येतो, बाटल्यांतून, बर्फात बसून, मासळीच्या गाडीने.

सामू हा शब्द आमच्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ज्याची दोन एकर द्राक्षबाग आहे तो माणूस आपल्या मातीचा सामू रक्तगटासारखा तोंडपाठ सांगतो. पण समुद्रालाही सामू असतो म्हटलं की तोच माणूस गालातल्या गालात हसतो. आपण हवेत जो कार्बन डायऑक्साईड सोडतो त्यातला बराचसा समुद्र पिऊन टाकतो, आणि तो विरघळला की पाण्याचा सामू उतरतो. उतरतो म्हणजे समुद्राचं लिंबू सरबत होत नाही. आठाच्या जरा वर असतो तो आठाकडे सरकतो, एवढंच. पण शिंपल्यांना आणि कालवांना कवच बांधायला पाण्यातून जे घ्यावं लागतं, ते तेवढ्यानेही मिळेनासं होतं. फरक असतो दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आकड्यातला. तो पकडायचा तर वर्षानुवर्षं, दर महिन्याला, त्याच जागेचं पाणी, त्याच पद्धतीने भरलेलं हवं. हे सगळं मी दिराला सांगायला घेतलं होतं, तेवढ्यात जिलेबी आली.

पाणी भरायची पालघरच्या किनाऱ्यावरच्या एका गावातली बाई. मासेमारी करणाऱ्या घरातली, वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान. ओहोटी लागली की खडकावर जायचं, कोयत्यासारख्या छोट्या हत्याराने कालवं फोडायची आणि आतला गर वाट्यावर विकायचा, हे तिचं काम. सासूच्या हातून तिच्याकडे आलेला खडकाचा एक पट्टा होता, तिथे दुसरी कोणी बाई फोडायला येत नसे. मी तिला पाण्याबद्दल विचारलं तेव्हा तिने मानधन किती ते नंतर विचारलं, आधी अट घातली. पाणी भरून देते, पण दर महिन्याला पाणी काय म्हणतं ते मला सांगायचं.

अटीमागचं कारण तिने खडकावर उभ्या उभ्याच सांगितलं. गेली काही वर्षं कालवं कमी लागत होती, आणि लागत होती त्यांची कवचं हातात भुगा होत होती. तिची नणंद फुगे बनवायच्या कारखान्यात होती आणि तिलाही तिकडे बोलावत होती. पण तिथे चाळिशी उलटलेल्या बाईला नवीन घेत नाहीत म्हणे. तिच्याकडे तीनएक वर्षं उरली होती. समुद्रच बिघडत चालला असेल तर वय आहे तोवर गेलेलं बरं, आणि नुसती दोन-चार वर्षं वाईट लागली असतील तर राहिलेलं बरं. खडक सोडायचा की नाही, एवढंच तिला ठरवायचं होतं. माझं यंत्र ते सांगेल असं तिला वाटलं, आणि मी ते नाकारलं नाही.

तिला शिकवायला मी दोन दिवस तिकडे राहिले. अर्ध्या तासात काम झालं. काचेची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची, बूच असं बसवायचं की आत बुडबुडा राहता कामा नये, कारण त्या बुडबुड्यातली हवाच पुढे आकडे बिघडवते. आमच्या एम.एस्सी.च्या मुलांना हे दोन वर्षांत जमत नाही. नियमाप्रमाणे भरल्या भरल्या त्यात पाऱ्याच्या विषारी क्षाराचा थेंब टाकायला हवा, म्हणजे पाण्यातले जिवाणू मरतात आणि बाटलीत श्वास घेत बसत नाहीत. पण ज्या हातांनी ती लोकांच्या पोटात जाणारी कालवं सोलते त्या हातांत मी विष देणार नव्हते. ते नाशिकला आल्यावर मी टाकायचं, तोवर बर्फ, असं ठरलं. ही पळवाट आहे हे मला माहीत होतं. वहीत मी तसं लिहूनही ठेवलं होतं.

मग सुरू झाला खोक्याचा प्रवास. तिकडची मासळी नाशिकला आणणारी एक गाडी आहे, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक करत सकाळी मासळी बाजारात पोचते. परत जाताना तिच्यातून माझ्या रिकाम्या बाटल्या जातात, येताना भरलेल्या येतात. सध्या कुंभमेळ्याच्या तयारीने शहरातला एकही रस्ता धड नाही. काल गेलेला रस्ता आज खोदलेला असतो. खड्डे चुकवत, पायांशी समुद्र घेऊन मी स्कूटरवरून महाविद्यालयात पोचते, तेव्हा माझ्या साडीला बोंबलाचा वास असतो आणि पार्किंगमधले सहकारी अदबीने दोन पावलं मागे सरतात. खोक्यात बाटल्यांच्या बाजूला सुकटीची एक पुडीही असायची. ती बाई न चुकता पाठवायची. आमच्या घरात सुकट चालत नाही, म्हणून ती मी प्रयोगशाळेच्या मावशींना देऊन टाकायचे.

दोन वर्षं आकडे नुसते डोलत राहिले. पावसाळ्यात एक, उन्हाळ्यात एक. दर महिन्याला फोन करून मी तिला सांगायचे की अजून सांगण्यासारखं काही नाही. ती विचारायची, म्हणजे बरं आहे? मी म्हणायचे, म्हणजे अजून कळत नाही. यावर ती जो सुस्कारा सोडायची तो मला नाशिकला ऐकू यायचा. तिचं काय चुकत होतं? ताप मोजायला आलेल्या डॉक्टरने दोन वर्षं नुसतं थर्मामीटर झटकत बसावं, तसं ते होतं.

मागच्या दिवाळीत आमच्या जुन्या मावशी निवृत्त झाल्या आणि लासलगावकडच्या एक नवीन आल्या. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण महाविद्यालयात या कामावरच्या बाईला सगळे मावशीच म्हणतात. बाटल्या अशा लख्ख धुवायच्या की मी पहिल्या महिन्यातच त्यांचं कौतुक केलं. वाळवून, बुचं लावून, खोक्यात रचून त्या स्वतःच गाडीवर पोचवायच्या. माझ्या मागची एक कटकट मिटली, म्हणून मी त्यात पुन्हा डोकावलेही नाही.

आणि दिवाळीनंतरच्या पहिल्याच खोक्यात सामू उतरला. दुसऱ्या महिन्यातही तसाच. मी यंत्र तपासलं, प्रमाणित पाणी घालून पाहिलं, यंत्र ठणठणीत. अल्कता, म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, तपासली, ती जागच्या जागी. अल्कता तशीच आणि सामू खाली, याचा अर्थ पाण्यात कार्बन डायऑक्साईड वाढलाय. पुस्तकात लिहिलं आहे तसं, ओळ न ओळ. तिसऱ्या महिन्यातही तेच आलं तेव्हा मी यंत्रासमोर एकटी बसून चक्क हसले.

हे कबूल करायला मला आजही लाज वाटते, पण कबूल करायलाच हवं. मला आनंद झाला होता. दोन वर्षं मी खड्डे चुकवत पाणी वाहिलं होतं, लोकांची थट्टा ऐकली होती, आणि आता माझ्याकडे दाखवायला काहीतरी होतं. समुद्र बिघडत होता आणि मी खूश होते. समुद्र इतका भराभर बदलत नाही, हे मी दुसऱ्या कोणालाही डोळे वटारून सांगितलं असतं. स्वतःला नाही सांगितलं.

त्याच संध्याकाळी मी तिला फोन केला. म्हटलं, ताई, सामू उतरतोय. तिने विचारलं, नक्की? मी म्हटलं, तीन महिने सलग. ती म्हणाली, बरं झालं सांगितलंत, आणि फोन ठेवला. सुस्कारा नाही, काही नाही. तिला एकदाचं उत्तर मिळालं, याचं मला समाधान वाटलं.

विभागप्रमुखांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. एरवी माझ्या बाटल्यांना ते 'तुमचं मासळीचं काम' म्हणायचे, आता तो 'आपला प्रकल्प' झाला. अहवालाची तारीख ठरली, वर्तमानपत्राला द्यायचं टिपण तयार झालं, त्यात समुद्र आंबट होतोय असं वाक्य होतं. आंबट नाही हो, मी तीनदा खोडलं. तीनदा ते परत आलं, कारण त्याशिवाय लोकांना कळणार नाही म्हणे.

चौथा महिना, पाचवा महिना, तोच उतार. एप्रिलमध्ये एक दिवस मी सकाळी लवकर पोचले, ऊन तापायच्या आत काम उरकावं म्हणून. प्रयोगशाळेत मावशी टेबलापाशी उभ्या होत्या. पुढे परत धाडायच्या रिकाम्या बाटल्यांचा खोका उघडा, एकेका बाटलीचं बूच काढून त्या हातातल्या छोट्या डबीतून आत काहीतरी सोडत होत्या आणि बूच परत लावत होत्या.

"हे काय घालताय?" मी विचारलं.

"साखर," त्या म्हणाल्या. सहज, जसं कोणी वेळ सांगावी.

मी विचारलं की बाटलीत साखर का. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू माझ्याच घरी मला काही शिकवलं नव्हतं.

"रिकामं भांडं कसं धाडायचं दुसऱ्याच्या घरी? त्या बाई दर खेपेला एवढी सुकट धाडतात. चार दाणे टाकते, लय नाय."

म्हटलं, अहो, मग खोक्यात पुडी ठेवायची. बाटलीत कशाला?

"खोका काय भांडं हाय का?" त्या म्हणाल्या.

मी बोलले खूप, आवाज चढवून बोलले, पाच महिने, पाच महिने असं काहीतरी पुन्हा पुन्हा बोलले. पण आतून मला माहीत होतं की शेजारणीचा डबा मीही कधी रिकामा परत केलेला नाही. त्याच आठवड्यात दोन चिक्कू घालून एक दिला होता. मावशी खाली मान घालून उभ्या राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले, तेव्हा मला माझाच आणखी राग आला. साखर म्हणजे जिवाणूंना मेजवानी. त्यांनी ती खायची, पाण्यात श्वास सोडायचा, आणि त्या श्वासातला कार्बन डायऑक्साईड मी मोजायचा. माझा समुद्र बाटलीतच बिघडत होता.

तरी एक आशा होती. बाटली भरण्याआधी तीनदा विसळायची असते. चार दाणे साखर पहिल्याच विसळण्यात निघून गेली असणार. मी तिथूनच त्या बाईला फोन लावला. पलीकडे कसला तरी मोठा खडखडाट चालू होता. मी ओरडून विचारलं, ताई, बाटल्या तीनदा विसळता ना?

"आधी विसळायची," ती म्हणाली. "दिवाळीपासून तुम्ही आत औषध टाकून धाडता ना, तेव्हापासून नाय. तुमचं औषध धुवून कसं टाकू?"

तिचंही बरोबर होतं. प्रयोगशाळेतून आलेल्या बाटलीत पांढरे दाणे असतील तर शहाण्या माणसाने दुसरं काय समजायचं? मला विचारायला हवं होतं, असं मी म्हणू शकले असते. पण मी तरी तिला पाच महिन्यांत सामू सोडून काय विचारलं होतं?

मी विचारलं, आवाज कसला येतोय. ती म्हणाली, यंत्राचा, मी कारखान्यात आहे. होळीच्या आधीच लागले. पाणी सुट्टीच्या दिवशी जाऊन भरते, तुम्ही काळजी करू नका, एकही महिना चुकवला नाही. कामाची वेळ होती, संध्याकाळी बोलू म्हणून तिने फोन ठेवला.

त्या संध्याकाळी मी फोन केला नाही. आधी खात्री करू, मग सांगू, असं मी स्वतःला सांगितलं. ते शास्त्राला धरून होतं, आणि मला सोयीचंही होतं. गाडीच्या ड्रायव्हरला हाताशी धरून मी तिच्या गावच्या धक्क्यावरून आठ बाटल्या भरून मागवल्या, चार साखरेच्या, चार नुसत्या. साखरेच्या चारही बाटल्यांत सामू खाली. नुसत्या चारही बाटल्यांत तो गेली दोन वर्षं असायचा तिथेच, डोलत.

ते आकडे घेऊन मी विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग मला समजावायला घेतलं. चार दाण्यांनी असं काय मोठं होतंय? अहवालात साखर हा शब्द घालायलाच हवा का? दिशा तर बरोबरच आहे ना, साऱ्या जगातल्या समुद्रांचा सामू उतरतोय, तसा आपलाही उतरला, दोन आकडे इकडे की तिकडे. मी म्हटलं, जगाचा उतरला असेल, हे पाच आकडे साखरेचे आहेत. ते म्हणाले, तुम्ही फार ताणता. टिपण वर्तमानपत्राकडे गेलं नव्हतं, एवढंच नशीब. मी वहीत त्या पाच महिन्यांवर त्यांच्यासमोरच लाल रेघ मारली आणि खाली कारण लिहिलं. दोन वर्षांच्या सलग नोंदींना पाच महिन्यांचं भगदाड पडलं. आता पहिल्यापासून मोजत बसायचं, आणि माझी निवृत्ती काही त्यासाठी थांबणार नाही. हे सगळं मी त्यांना चिडून ऐकवलं. बाहेर आल्यावर लक्षात आलं की ज्याची मला खरी भीती होती ते अजून व्हायचंच होतं.

रविवारी दुपारी तिला फोन केला. तिला सुट्टी होती, मागे पाटावरवंट्याचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. दाणे औषधाचे नव्हते, साखरेचे होते, आमच्याकडच्या बाईंनी मानाने घातले होते. चूक तुमची नाही. आणि पाणी जसं होतं तसंच आहे, निदान आमच्या बाटल्यांना तरी काही वेगळं दिसलेलं नाही.

वाटण थांबलं. तिने विचारलं, मग कालवं कशाने कमी झाली? मी म्हटलं, ते मला माहीत नाही. गाळाने असेल, वरच्या सांडपाण्याने असेल, हे यंत्र ते सांगत नाही. मी विचारलं की पुन्हा खडकावर जाता येईल का. ती म्हणाली, तो पट्टा दिराच्या सुनेला दिला, तिने नवीन हत्यारसुद्धा करून घेतलं, आता कोणत्या तोंडाने मागू? हे ती रागाने म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. ती मला नुसती माहिती देत होती, दर महिन्याला मी तिला द्यायचे तशी.

मग तिने विचारलं, "म्हणजे मी उगाच सोडलं?"

मला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. समुद्र बदलतोय हे खोटं नाही, आज नाही तर दहा वर्षांनी तिच्या खडकापर्यंतही ते पोचेल, कारखान्यात निदान रोजची हजेरी तरी लागते. यातलं एकेक वाक्य माझ्या ओठांवर आलं, आणि एकेक खरंही होतं. पण तिने ते विचारलं नव्हतं.

"हो ताई," मी म्हणाले. "उगाच सोडलंत."